हेडसेट घातल्यावर घरातल्यांची चाहूल लागावी म्हणून काय करता?

प्रश्न
परवा हेडसेट घालून व्हीआरमध्ये (आभासी जगात) बॉक्सिंग खेळत होतो. माझी चार वर्षांची मुलगी न बोलता मागे येऊन उभी राहिली. हात मागे घेताना हातातला कंट्रोलर तिच्या कपाळावर बसला. टेंगूळ आलं, बाकी काही नाही, पण तेव्हापासून हेडसेटला हात लावावासा वाटत नाही. बाउंड्री, म्हणजे खेळायच्या जागेभोवती हेडसेटमध्ये आखायची रेघ, नीट आखलेली होती. हेडसेट मेटा कंपनीचा क्वेस्ट २ आहे, कानात इअरफोन होते. खेळताना आजूबाजूचं भान कसं राखता?

उत्तर १
आधी इअरफोन काढा. पट्ट्यातल्या स्पीकरवर खेळलात की कान उघडे राहतात, पावलं ऐकू येतात. आणि बाउंड्रीवर एवढा विश्वास नको. तुमचं डोकं आणि हात रेघेच्या किती जवळ गेले एवढंच ती बघते. आत कोण शिरलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यासाठी सेटिंगमध्ये 'स्पेस सेन्स' चालू करा. आखलेल्या जागेत माणूस किंवा मांजर आलं की त्याची बाह्यरेषा उजळते. पण तुमची नजर जिकडे आहे तिकडचंच दिसेल. पाठीमागचं मूल त्यातही दिसणार नाही, म्हणून कान महत्त्वाचे.

उत्तर २
मी जागेच्या मधोमध छोटी सतरंजी टाकते. तळव्याला फरशी गार लागली की कळतं, आपण सरकलो. समोर टेबलफॅन ठेवते. वारा तोंडावर आला म्हणजे पुढची बाजू तीच. दर अर्ध्या तासाने १०-१५ मिनिटं थांबते, हे कंपनीच्या सुरक्षा सूचनांतही आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. इअरफोन बंद, सतरंजी आली. पण खरा फरक वेगळ्याच गोष्टीने पडला. मी आत काय बघतो ते आता टीव्हीवर कास्ट करतो. लेक सोफ्यावर बसून बघते, त्यामुळे बाबा हवेत हात का मारतो हे तिला कळलं. आधी ती तेच बघायला जवळ आली होती, बिचारी. काही हवं असेल तर सोफ्यावरूनच हाक मारायची, असं ठरलंय. काल हाक आली, मी हेडसेटच्या बाजूला दोनदा टिचकी मारली, खेळ गेला आणि हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून खोली दिसली, धूसर, काळी-पांढरी. ती हात हलवत होती. "बाबा, मी दिसते का तुला?"