मदत हवी आहे : एपकॉटचा फूड अँड वाइन फेस्टिव्हल, शाकाहारी आई आणि द्राक्ष बागाईतदार वडील

बागाईतदाराची लेक :

नमस्कार मंडळी,

माझे आई-वडील यंदा ऑक्टोबर छाटणी उरकून आणि पुढच्या फवारण्या धाकट्या भावावर सोपवून आमच्याकडे अटलांटाला येत आहेत. कार्तिकी एकादशी झाली की त्यांना ऑर्लँडोला घेऊन जावे आणि डिस्नेच्या एपकॉट उद्यानात दरवर्षी भरणारा आंतरराष्ट्रीय फूड अँड वाइन फेस्टिव्हल दाखवावा, असे मी आणि नवऱ्याने ठरवत आणले आहे. मोटारीने साडेसहा-सात तासांचा प्रवास आहे, तो आम्ही करू. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि स्टॉलवरच्या प्रत्येक बशीचे पैसे वेगळे, हेही ठाऊक आहे. अडचण आहे ती चार तोंडांच्या चार तऱ्हांची, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. सारा जन्म त्यांनी खाण्याची द्राक्षे पिकवली. आधी थॉमसन, मग सोनाका. आजूबाजूच्या शिवारांत वाइनरींच्या करारावर शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ या जातींच्या बागा उभ्या राहिल्या, तेव्हापासून त्यांच्या मनात एक कोडे घर करून आहे. विरळणी करून, घड संजीवकाच्या द्रावणात बुडवून म्हणजे डिप देऊन, मण्याची फुगवण साधण्यासाठी आपण जीव टाकतो, आणि इथे बारक्या मण्याच्या, जाड सालीच्या, बियांच्या द्राक्षाला जगभर एवढा मान कसा? नाना पिणारे नव्हेत. कुणी आग्रह केला तर घोटभर घेऊन पेला बाजूला ठेवतात. मात्र एकाच जातीचे द्राक्ष वेगवेगळ्या मातीत कसे उतरते हे जिभेवर पाहण्याची त्यांना खरीखुरी इच्छा आहे. त्यांनी बॅगेत ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटरही टाकला आहे, तेव्हा माझ्या म्हणण्याचे गांभीर्य आपल्या लक्षात यावे. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, आणि उजवा गुडघा फार वेळ साथ देत नाही.

आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही चालत नाही. केकमध्ये अंडे असते हे कळल्यापासून तिने केकही सोडला. नवनवे पदार्थ चाखण्याची तिला हौस आहे; फक्त पदार्थात मांस, मासा, अंडे किंवा दारू नसल्याची खात्री हवी. नानांनी वाइन चाखण्याला तिची हरकत नाही, पण पेला तिच्या हातात धरायला देऊ नये, एवढीच तिची अट आहे. नवरा सगळे खातो, त्यामुळे त्याच्यासाठी मदत मागण्याचे कारण नाही.

मला विचारायचे आहे ते असे. स्टॉलवरचा मेनू दरवर्षी बदलतो म्हणतात, मग आईला चालेल असा पदार्थ तिथल्या तिथे कसा ओळखावा? चीजचे पदार्थ पुष्कळ असतात असे ऐकते, त्यांवर ती निर्धास्तपणे विसंबू शकेल का? नानांना घोट-घोट चाखण्यापुरती वाइन मिळते, की पूर्ण पेलाच घ्यावा लागतो? आणि एवढ्या मोठ्या परिसरात त्यांच्या गुडघ्याला न दुखवता फिरण्याचा काही मार्ग आहे का? स्वतः जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहिले तर फार उपकार होतील.

तळ्याकाठचा :

ताई, मी ऑर्लँडोतच राहतो आणि पाहुणे आले की ही वारी ठरलेलीच असते, म्हणून आधी परिसराबद्दल लिहितो.

एपकॉटच्या मागच्या अर्ध्या भागाला वर्ल्ड शोकेस म्हणतात. एका मोठ्या तळ्याभोवती मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा अशी अकरा देशांची कायमची दालने आहेत. महोत्सवाच्या काळात या दालनांच्या अधल्यामधल्या जागेत आणि उद्यानाच्या पुढच्या भागातही छोटे स्टॉल लागतात आणि प्रत्येक स्टॉल एखाद्या देशाचा किंवा एखाद्या कल्पनेचा असतो. या अकरांत भारताचे दालन नाही, पण भारताचा स्टॉल अनेक वर्षी लागलेला आहे. आईंना तिथे नेऊ नका असे मी म्हणणार नाही. मात्र नानची चतकोर आणि चटणीची वाटी यांसाठी मोजलेले डॉलर पाहून त्या जे बोलतील, त्याची तयारी ठेवा.

तळ्याची फेरी साधारण दोन किलोमीटरची आहे; प्रवेशद्वारापासून तळ्यापर्यंतचे अंतर आणि परतीची वाट त्यात धरलेली नाही. नानांना हे झेपणार नाही असे वाटले तर प्रवेशाजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते, पण ती आरक्षित करता येत नाही, म्हणून उद्यान उघडता उघडता पोहोचावे. तळ्यातून बोटीही चालतात, त्यांचे वेगळे तिकीट नाही. मेक्सिकोकडून चालायला सुरुवात करा, जर्मनी-इटलीपर्यंत खात-पीत जा आणि तिथून बोटीने परत या, म्हणजे निम्मी फेरी वाचते. बोटीत बसण्याआधी इटलीच्या लगेच पुढे असलेल्या अमेरिकेच्या दालनातला अर्ध्या तासाचा कार्यक्रम वातानुकूलित प्रेक्षागृहात बसून पाहता येतो. गुडघ्याला विश्रांती म्हणून माझा भर त्याच्यावरच असतो.

वार शक्यतो सोमवार ते गुरुवारमधला धरा. शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारपर्यंत आम्ही स्थानिक वार्षिक पासवाले इतकी गर्दी करतो की बशी ठेवायला उंच टेबलाचा कोपरासुद्धा मिळत नाही. वर्ल्ड शोकेस आजवर बहुतेक अकराला उघडत आले आहे आणि पहिल्या दोन तासांत रांगा सर्वांत छोट्या असतात. आपल्याला हवे ते स्टॉल या वेळेत उरकावे.

आता नानांचा विषय, जो मला मनापासून आवडला. स्टॉलवर वाइन प्लॅस्टिकच्या छोट्या पेल्यात मिळते, पूर्ण ग्लास घेण्याची सक्ती नसते, आणि काही ठिकाणी तीन नमुन्यांचा संचही मिळतो, ज्याला इथे फ्लाइट म्हणतात. पण मी त्यांना केवळ स्टॉलवर ठेवणार नाही. जर्मनीच्या दालनात वाइनकेलर नावाचे वाइनचे छोटे दुकान वर्षभर चालते. तिथे रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची वाइन मागावी आणि गोड की कोरडी हे आधी विचारावे, कारण जर्मन रीसलिंग दोन्ही प्रकारची असते; कोरडीच्या बाटलीवर बहुधा ट्रोकन असे लिहिलेले असते. इटलीच्या दालनात तूत्तो गुस्तो हे वाइनचे तळघरवजा ठिकाण आहे, तिथे बसायला मिळते आणि गर्दीही त्या मानाने कमी असते. नाशिकच्या माणसासाठी खरी मेजवानी मात्र शेनिन ब्लाँची. या जातीचे मूळ घर फ्रान्समधले ल्वार नदीचे खोरे, पण आज तिची सर्वांत मोठी लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. फ्रान्सच्या दालनात ल्वारची शेनिन मिळाली आणि त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा स्टॉल लागलेला असला, तर दोन्ही चाखायला लावा. दिंडोरीची चव त्यांच्या जिभेवर आहेच. कॅनडाची आइसवाइन दिसली तर तीही दाखवा. ओंटारिओत त्यासाठी द्राक्षे वेलीवरच ठेवतात आणि उणे ८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गोठल्यावर तोडून तशीच दाबतात, त्यामुळे पाणी बर्फाच्या रूपात मागे राहते आणि पाकासारखा रस उतरतो. गारपिटीच्या धास्तीने रात्री जागून काढणाऱ्या बागाईतदाराला ही गोष्ट ऐकवायलाच हवी. मधुमेहामुळे चव मात्र एका थेंबापुरतीच.

रिफ्रॅक्टोमीटर घरी ठेवला तरी चालेल. तो रसातली साखर दाखवतो. अल्कोहोल असले की प्रकाशाचे वक्रीभवन बदलते आणि आकडा भलताच येतो. नाना तरीही थेंब टाकून पाहतीलच, असा माझा अंदाज आहे.

नानांचा पासपोर्ट बरोबर असू द्या. फ्लोरिडात मद्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि केस पिकलेल्या माणसालाही ओळखपत्र मागितले जाऊ शकते.

हिंग मोहरी :

बागाईतदाराची लेक, मी तुमच्या आईंच्याच पंथातली असल्यामुळे त्यांच्यापुरते लिहिते.

डिस्नेच्या मेनूवर काही पदार्थांपुढे हिरव्या पानाचे चिन्ह असते. त्या पदार्थात मांस, दूध, अंडी आणि मध यांपैकी काहीच नसते. आपल्याला दूध चालते, त्यामुळे ही कसोटी आपल्या गरजेपेक्षा कडक आहे, पण अंड्याच्या बाबतीत तिच्याइतके सोपे दुसरे काही नाही. इंग्रजीत नुसते शाकाहारी म्हटले की अंडे गृहीत असते, हे आईंना आधीच सांगून ठेवा. पान असले तरी दारूचा प्रश्न उरतोच, कारण वाइनमध्ये शिजवलेला सॉस किंवा रममध्ये भिजवलेले फळ या व्याख्येत बसू शकते. तेवढे तोंडाने विचारावे. स्टॉलवर ॲलर्जीविषयक माहितीची वही मागितली तर दाखवतात. पदार्थात फेरफार करून मात्र मिळत नाही, कारण बरेचसे आधीच तयार होऊन येते.

फसगत होते ती निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांत. ब्राझीलचे चीजचे गोल पाव पाहून आपल्याला वाटते, यात काय असणार? त्यात अंडे असते. ग्रीसच्या पालकाच्या पापुद्र्यात सारण बांधण्यासाठी बहुधा अंडे घालतात. कॅनडाचे प्रसिद्ध चेडर चीजचे सूप बेकन, म्हणजे डुकराचे मांस, घालून केलेले असते. मेक्सिकोच्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी आणि भाताला कोंबडीचे पाणी असू शकते, आणि मक्याच्या दाण्यांवरचे पांढरे मलम बहुधा मेयोनीज म्हणजे पुन्हा अंडेच. जपानच्या मिसो सूपचे पाणी माशाचे असते. जर्मनीच्या बटाट्याच्या थालीपीठवजा पदार्थातही अंडे पडते. मूस किंवा पुडिंग असेल तर जिलेटिनची चौकशी करावी.

चीजबद्दल तुम्ही विचारलेत ते बरे झाले. महोत्सवात चीजच्या ठरावीक पदार्थांची एक माळ असते, ते खाऊन पुस्तिकेवर शिक्के घ्यायचे आणि शेवटी बक्षीस मिळवायचे. खेळ गमतीचा आहे, पण दूध फाडण्यासाठी वापरलेले रेनेट वासराच्या जठरातले आहे का, याचे उत्तर स्टॉलवर मिळणे कठीण. इटलीचे अस्सल पार्मिजानो रेज्जानो तर नियमानेच वासराच्या रेनेटचे असते, म्हणजे पास्त्यावर भुरभुरलेले चीजही त्यात आले. अमेरिकेतले साधे चेडर पुष्कळदा प्राणिज रेनेटशिवाय केलेले असते. आई कुठवर जाणार हे त्यांनाच ठरवू द्या. मी स्वतः त्या माळेच्या नादी लागत नाही.

मग खायचे काय? मोरोक्कोच्या दालनातले हमस म्हणजे वाटलेले काबुली चणे, ऑलिव्ह आणि हरिसा ही तिखट मिरचीची चटणी. मेक्सिकोचे ग्वाकामोले, म्हणजे ॲव्होकाडोची चटणी, आणि मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळ्या. जपानच्या दालनातला किसलेल्या बर्फाचा गोळा, ज्याला काकिगोरी म्हणतात. आणि त्या वर्षी पानाचे चिन्ह मिळालेले जे काही असेल ते. बशा लहान असतात, दोघी-तिघींनी वाटून खाव्यात. बहुतेक बशा ५ ते १० डॉलरमध्ये असल्या तरी पोट भरेपर्यंत खायचे म्हटले तर हिशेब चांगलाच फुगतो. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही : डिस्नेच्या उद्यानांत घरचा डबा चालतो. काचेचे भांडे आणि मद्य नको, आणि गरम करून लागेल असे नको, एवढेच. दशम्या, दाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या की आईंचा जीव शांत राहतो आणि मग नवा पदार्थ त्या भुकेपोटी नाही, हौसेने चाखतात.

बागाईतदाराची लेक :

दोघांचेही मनापासून आभार. मंगळवार किंवा बुधवार धरून, मेक्सिकोकडून सुरुवात करून, डबा घेऊन जायचे आता नक्की केले आहे. चीजच्या माळेचे आईला सविस्तर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, शिक्के तुम्हीच मिळवा, बक्षीस मला द्या. एकच शंका उरली आहे. नानांच्या गोळ्या चालू असताना दिवसभरात किती चाखणे योग्य, आणि गोळी व घोट यांत काही अंतर ठेवावे का?

साखरझोप :

माझ्या सासऱ्यांचे हेच दुखणे असल्यामुळे लिहिते, पण प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे, तेव्हा निघण्यापूर्वी नाशिकलाच विचारून घ्या आणि गोळ्यांची नावे लिहून आणा. इन्शुलिन घेणाऱ्यांना किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या असणाऱ्यांना मद्याने साखर एकदम उतरण्याचा धोका असतो, कारण यकृत मद्य निस्तरण्यात गुंतले की रक्तात साखर सोडण्याचे त्याचे काम मंदावते. त्यातून उन्हात चालणेही साखर उतरवते. म्हणून उपाशीपोटी पहिला घोट नको. दशमी आधी, रीसलिंग नंतर. घोट जिभेवर फिरवून उरलेला पेला जावईबापूंकडे द्यावा, त्यांचा उपयोग इथेच आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साखर उतरल्याची लक्षणे आणि नशेची लक्षणे दिसायला सारखीच असतात : घाम, अडखळते बोलणे, चालताना तोल जाणे. महोत्सवाच्या गर्दीत लोक त्याला चढली आहे असेच समजतात. ग्लुकोमीटर तुमच्या पर्समध्ये ठेवा, त्यांच्या बॅगेत नाही, आणि खडीसाखरेची पुडी नानांच्या सदऱ्याच्या खिशात. उद्यानात प्रथमोपचार केंद्र आहे, ते नकाशावर आधीच पाहून ठेवा. रात्री साखर पुन्हा उतरू शकते, तेव्हा हॉटेलवर परतल्यावर झोपण्यापूर्वी एकदा तपासावी आणि दोन घास खाऊनच त्यांना झोपू द्यावे.