मिशन फील्डवरून परत आलोय, ह्यांची सेमिनरी (पाळक घडवणारं विद्यालय) पुण्यात. बिऱ्हाड कुठे करावं?

जय ख्रिस्त, आणि इतर सगळ्यांना नमस्कार.

आम्ही मूळचे नगरचे (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). लग्नानंतर लगेच झारखंडमध्ये साहिबगंज जिल्ह्यात, राजमहालच्या डोंगरांत, पहाडिया लोकांमध्ये मिशनच्या कामाला गेलो. दोन्ही मुलं तिकडेच वाढली. आता तिथल्या मंडळीचे (चर्चचे) स्वतःचे पाळक तयार झालेत, म्हणून काम सोपवून परतलो. ह्यांना बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करायचं आहे. ही सेमिनरी 1983 मध्ये पुण्यात आली, त्याआधी यवतमाळला होती. सासरे तिला अजूनही ‘यवतमाळ’च म्हणतात, त्यामुळे घरात रोज गोंधळ.

हे पदवीधर आहेत, म्हणजे चार वर्षं धरायची. मिशनचं मानधन लवकरच थांबेल. घरचे म्हणतात, ‘तो हॉस्टेलला राहील, तू मुलांना घेऊन नगरला राहा, शनिवारी एसटीनं येत जाईल.’ हिशेबाला बरोबर आहे, पण मला पटत नाही. तिकडे हे गावोगाव फिरायचे तेव्हाही मी एकटीच होते. आता परत तेच? कॅम्पसवर कुटुंबासाठी क्वार्टर मिळेल असं धरून चालावं का, की आधीच भाड्याचं घर बघावं? ‘मिशनरी’ म्हटलं की घरमालकाला नोकरीही कळत नाही आणि पगारही!

मोठी चिंता मुलीची. ती सातवीत जाईल. आतापर्यंत हिंदी माध्यम, खेळताना माल्तो, म्हणजे पहाडियांची भाषा. मराठी फक्त फोनवर आजीशी. 2020 च्या कायद्यानं इथे सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. एका शाळेनं तर दाखला हातात आल्याशिवाय फॉर्मही देणार नाही म्हणून सांगितलं. त्यात दर रविवारी कुठली ना कुठली मंडळी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, बोलावते. लोकांचं प्रेम आहे, पण मुलगी म्हणते, मला पुढे उभं करू नका.

आणि ह्यांनी इतकी वर्षं हिंदी आणि माल्तोत संदेश (प्रवचनं) दिले. आता इंग्रजीत निबंध लिहायचे, वर ग्रीक. कोणी या वाटेनं गेलंय का?

प्रतिसाद १
ताई, आम्ही ओडिशाहून असेच परत आलो होतो. क्वार्टर मोजकी असतात, म्हणून प्रवेश-अर्जाबरोबरच लेखी मागणी द्या. घरमालकाला ‘विद्यार्थी’ सांगा आणि मंडळीचं शिफारसपत्र दाखवा, पाळकांच्या सहीला अजून वजन आहे. वेगळं राहू नका असंच मी म्हणेन. आमच्याकडे शनिवारची एसटी दुसऱ्याच सत्रात महिन्याची झाली. पैशाची गाठ अगदीच बसली नाही, तर सेरामपूर सिनेटचा (ही संस्था धर्मशिक्षणाच्या पदव्या देते) बी.सी.एस., म्हणजे बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज, घरी राहून करता येतो. पण तो बी.डी. नव्हे, आणि तुमच्या यजमानांना वर्गात बसायची ओढ असेल तर तो सुचवूही नका.

प्रतिसाद २
मी शिक्षिका आहे. शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे: सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखला उशिरा येतो म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. लिपी तीच असल्यामुळे वाचन महिन्या-दोन महिन्यांत येईल. अडेल ते ‘ळ’ आणि लिंगाशी. तिला शुद्धलेखनाच्या वह्या देऊ नका, आजीलाच चार महिने पुण्याला आणा.

प्रतिसाद ३
थोडं विषयाबाहेर. साहिबगंज कालाआजाराचा (वाळूमाशीमुळे होणाऱ्या तापाच्या आजाराचा) पट्टा आहे. घरात कोणाला झाला होता का? बरा झाल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, कातडीवर फिकट चट्टे येऊ शकतात. पुण्यातल्या डॉक्टरांना ते आधी दुसरंच काही वाटेल, म्हणून कुठून आलात ते आवर्जून सांगा. लांबलेल्या तापालाही तेच.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. ह्यांना झाला होता, आणि मानेवर एक फिकट डाग आहे. आम्ही उन्हाचा समजत होतो, उद्याच दाखवतो. क्वार्टरची मागणी आज लिहिली. आजी पुण्याला यायला तयार आहे, पण तिची शेळी कोणाकडे ठेवायची यावर अडलंय. नगरजवळ कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.