जुन्या सेस्नाच्या काउलिंगला तडा आणि शेपटीच्या पोटाखाली पांढरी भुकटी: दुरुस्ती कशी करावी?

जुहू_हँगर
१९६० च्या दशकातलं छोटं विमान, सेस्ना १७२, जुहूला उभं असतं. खालच्या काउलिंगमध्ये (इंजिनावरचं पत्र्याचं झाकण) क्विक-रिलीज फास्टनरच्या (झटपट उघडणाऱ्या खिट्टीच्या) भोकापासून आतल्या बाजूला ३८ मिमीचा तडा गेलाय. पत्रा मोजला तर ०.०२५ इंच भरतो. शिवाय शेपटीच्या नळकांड्याच्या पोटाशी, दोन पत्र्यांच्या जोडावर रंग फुगलाय आणि टोकरलं की खालून पांढरी भुकटी निघते. कारखान्यातला आर्गन वेल्डर म्हणतो, तडा दहा मिनिटांत भरून देतो. ठिगळासाठी पत्रा सी. पी. टँकच्या बाजारातून आणावा का? पॉप रिव्हेट चालतील का? काम अर्थातच परवानाधारक एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) देखरेखीखाली होणार आहे, पण त्यांच्याकडे जाण्याआधी नीट समजून घ्यायचंय.

पाऊण_सूत
वेल्डरला नको म्हणा. काउलिंग २०२४ नंबरच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचं असेल तर ते फ्यूजन वेल्डिंगला (धातू वितळवून जोडण्याला) मुळीच दाद देत नाही. जोड गार होताना तिथेच चिरतो, आणि आजूबाजूच्या पत्र्याचं हीट ट्रीटमेंट निघून जाऊन तो मऊ पडतो.

मिश्रधातू कोणता, हे आधी विमानाच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये पाहा. खात्री करायची तर सुट्या तुकड्याच्या कापलेल्या कडेवर कॉस्टिक सोड्याचं १० टक्के द्रावण थेंबभर टाका. कड काळी पडली तर तांबं असलेला मिश्रधातू, म्हणजे २०२४ च्या घरातला. पांढरी राहिली तर ५०५२, ६०६१ किंवा शुद्ध ॲल्युमिनियम. थेंब पृष्ठभागावर टाकून फसू नका, अल्क्लॅडचा (शुद्ध ॲल्युमिनियमचं अस्तर दिलेल्या पत्र्याचा) वरचा थर शुद्ध ॲल्युमिनियमचा असल्याने तो पांढराच दिसतो. नंतर भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच.

बाजारातला पत्रा दिसायला अगदी तसाच असतो, पण तो बहुधा व्यापारी शुद्ध ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याची ताकद २०२४-टी३ च्या (टी३ म्हणजे हीट ट्रीटमेंटचा प्रकार) जवळपासही नसते. प्रमाणपत्र नसलेला पत्रा एएमई स्वीकारणार नाहीत, स्वीकारूही नये. नागदेवी स्ट्रीटहून हत्यारं खुशाल आणा, पत्रा आणि रिव्हेट मात्र कागदपत्रांसह विमानसाहित्याच्या पुरवठादाराकडूनच.

आता तडा. रंग काढा, डाय पेनिट्रंट (तड्यात झिरपून तो दाखवणारा रंग) लावा आणि दहापट भिंगाने खरं टोक शोधा. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे तो गेलेला असतो. टोकावर ४० नंबरच्या ड्रिलने भोक पाडा. तड्याचं दुसरं टोक फास्टनरच्या भोकातच आहे, त्यामुळे तडा थांबवणारं असं एकच भोक (स्टॉप-ड्रिल) लागेल. तो तात्पुरता थांबा असतो, त्यावर ठिगळ लागतंच.

ठिगळ आतून, २०२४-टी३, ०.०३२ इंच, म्हणजे मूळ पत्र्यापेक्षा एक गेज जाड. रिव्हेटचा व्यास जाड पत्र्याच्या साधारण तिप्पट धरतात: ०.०९६, म्हणजे पाऊण सूत (३/३२ इंच). भोकाला ४० नंबरचं ड्रिल, पत्रे तात्पुरते धरायला चंदेरी क्लेको (स्प्रिंगचे चिमटे). लांबीसाठी दोन पत्र्यांची जाडी ०.०५७ अधिक दीड व्यास ०.१४१, एकूण ०.१९८ इंच. याला एमएस२०४७०एडी३-३.५ हा रिव्हेट बसतो (शेवटचा आकडा लांबीचा, इंचाच्या सोळाव्या भागांत). ४ नंबर असेल तर रिव्हेट कटरने छाटून घ्या.

मांडणी: तड्याच्या दोन्ही बाजूंना रिव्हेट एकाआड एक येतील अशा दोन-दोन ओळी. ओळीतलं अंतर १२ मिमी, ओळी-ओळींमधलं ९ मिमी. कडेपासून किमान दोन व्यास, म्हणजे ४.८ मिमी हवेत, आपण ५.५ धरू. तडा आणि पहिली ओळ यांतही तेवढंच. म्हणजे ठिगळ ४० मिमी रुंद, आणि लांबीला तड्याच्या टोकापुढे दोन रिव्हेट जातील इतकं, साधारण ७५ मिमी. फास्टनरच्या बाजूला काउलिंगची कडच आडवी येईल, तिथे ठिगळ भोकाभोवती वळसा घालून नेऊन जुन्या रिव्हेटांच्या ओळीत मिळवा. मॅन्युअलमध्ये वेगळे आकडे असतील तर तेच अंतिम.

आखणीला पेन्सिल वापरू नका, ग्राफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजतं. सुईने ओरखडाही नको, पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. मार्कर वापरा. कोपरे गोल ठेवा, कडा बारीक कानशीने गुळगुळीत करा. भोकाचा बर (कडेला उरलेली धारदार कोर) हाताच्या डीबररने एक-दोन फेऱ्यांत काढा. जास्त फिरवलंत तर पातळ पत्र्यात काउंटरसिंकच (बशीसारखा खळगा) होऊन बसेल आणि रिव्हेटला धरायला धातू उरणार नाही.

ठोकलेलं डोकं ३.६ मिमी रुंद आणि १.२ मिमी उंच आलं पाहिजे. गनचा दाब भंगार तुकड्यावर कमीपासून वाढवत ठरवा. बकिंग बार (मागून आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा) तिरका धरला की डोकं एका बाजूला सरकतं.

पॉप रिव्हेट नकोत. त्यांचा खिळा व्हायब्रेशनने गळून पडतो आणि रिव्हेट पोकळ उरतो. इथे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो, त्यामुळे सॉलिडच. हात पोहोचत नाही तिथे मॅन्युअल परवानगी देत असेल तर चेरीमॅक्स (एका बाजूने बसणारे, खिळा आत पक्का अडकणारे विमानाचे रिव्हेट).

खाडीचा_वारा
ठिगळ उत्तम बसेल, पण तडा का गेला हे शोधल्याशिवाय ते लावू नका. नाहीतर सहा महिन्यांनी ठिगळाच्या कडेलाच नवा तडा येईल. फास्टनर झिजून सैल झालाय का? इंजिन माउंटचे रबर दबून गेलेत का? स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोपी) काउलिंगच्या तोंडापेक्षा खाली दिसत असेल तर इंजिन झुकलंय, आणि मग काउलिंगवर नको तिथे ताण येतो. ठिगळाने त्या जागी जाडी वाढणार आहे, म्हणून फास्टनरचा स्टडही (खिळाही) मोठ्या ग्रिपचा, म्हणजे जास्त जाडी धरणारा घ्या. जुनाच ओढून बसवलात तर पत्रा पुन्हा ताणाखाली राहील.

पांढऱ्या भुकटीचं प्रकरण मला तड्यापेक्षा गंभीर वाटतं. जुहूला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, जोडात खारं पाणी शिरतं आणि पावसाळ्याचे चार महिने ते वाळतच नाही. आधी पोटाची ड्रेन भोकं तपासा. बहुतेक वेळा ती माती किंवा रंगाने बुजलेली असतात आणि सगळा उपद्व्याप तिथून सुरू होतो.

रंग केमिकल स्ट्रिपरने काढा. गंज नायलॉनच्या स्कॉच-ब्राइटने किंवा ॲल्युमिनियम वूलने घासा. लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल कधीच नाही, त्याचे कण रुतून बसतात आणि नवा गंज सुरू करतात. ०.०२५ च्या पत्र्यावर क्लॅडिंग (शुद्ध ॲल्युमिनियमचं अस्तर) एका बाजूला जेमतेम ५ टक्के असतं, म्हणजे ०.०३ मिमी. खड्डा दिसतोय म्हणजे तो बहुधा मूळ धातूपर्यंत गेलाय. उरलेली जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजून मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून पाहा. पत्र्याचे पापुद्रे सुटत असतील तर घासण्यात अर्थ नाही, तो भाग कापून नवा घालावा लागतो.

जोडातले रिव्हेटही पाहा. मागच्या बाजूला काळपट धुराचा ओघळ असेल तर तो रिव्हेट आत हलतोय. काढताना डोक्यावरच्या खळीत पंच ठेवून फक्त डोक्याच्या उंचीएवढं ड्रिल करा, डोकं पिन पंचने मोडा, मागून आधार देऊन देठ हलक्या हाताने ठोका. भोक मोठं झालं तर पुढचा व्यास एक सूत (१/८ इंच). मात्र कडेपासून दोन व्यास अजून शिल्लक आहेत ना, हे आधी मोजा.

जुहू_हँगर
दोघांचेही मनापासून आभार. ड्रेन भोकं पाहिली, तीनपैकी दोन बुजलेली निघाली. प्रायमर आत्ता जुलैत मारावा की पाऊस सरेपर्यंत थांबावं?

खाडीचा_वारा
थांबू नका. उघडा पत्रा या हवेत ठेवणं जास्त वाईट. फक्त पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस वर हवं. बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावा. अलोडाइन (गंजरोधक रासायनिक लेप) लावून फिकट सोनेरी रंग आला की लगेच धुवा, पत्र्यावर सुकू देऊ नका. त्यात षटसंयुजी क्रोमियम असतं, तेव्हा हातमोजे घाला आणि धुतलेलं पाणी गटारात सोडू नका. इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी. जोड बंद करताना दोन पत्र्यांमध्ये पॉलिसल्फाइड सीलंट भरा आणि ते ओलं असतानाच रिव्हेट ठोका. पोटातून शेवटी एसीएफ-५० (गंजरोधक तेल) फवारा, ड्रेन भोकं मात्र मोकळी ठेवा.

पाऊण_सूत
एक राहिलं. धातूला हात लावण्याआधी ही दुरुस्ती मायनर (किरकोळ) की मेजर (मोठी), हे एएमईंकडून ठरवून घ्या. काउलिंगचं एक, शेपटीच्या पत्र्याचं दुसरं ठरू शकतं. आणि एलेव्हेटर, रडर किंवा एलेरॉनवर असंच ठिगळ लावायची वेळ आली तर नंतर बॅलन्स तपासल्याशिवाय विमान उडवायचं नाही. बिजागरीच्या मागे वाढलेलं थोडंसं वजनही फ्लटरला (उड्डाणात वाढत जाणाऱ्या घातक थरथरीला) पुरतं.