शहर दुप्पट, तर उत्पन्न किती पट? एक्सेलमध्ये हिशेब कसा मांडायचा?

शहरवेध: शहराची लोकसंख्या दुप्पट असली की दरडोई उत्पन्न १५ टक्के जास्त असतं, असं ठिकठिकाणी वाचलं. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी पडताळायचं आहे. २०११च्या जनगणनेतली महापालिकांची लोकसंख्या घेतली आहे (पुणे ३१.२ लाख, नागपूर २४ लाख) आणि राज्य सरकारचं जिल्हानिहाय उत्पन्न. पुढे काय करू?

घातांक: आधी ते १५ टक्के सोडा. बेटनकोर्ट, वेस्ट या भौतिकशास्त्रज्ञांच्या आणि सहकाऱ्यांच्या २००७च्या अभ्यासात उत्पादनासारख्या गोष्टींचा घातांक (लोकसंख्येच्या कितव्या घाताने ती गोष्ट वाढते तो आकडा) १.१५च्या आसपास आला. २चा १.१५ घात २.२२ होतो. म्हणजे एकूण उत्पादन २.२२ पट, दरडोई वाढ ११ टक्के. घातांकातले ०.१५ हे टक्के नव्हेत. सुविधांचं उलटं असतं. अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांचा घातांक ०.७७, म्हणून दुप्पट शहराला पंप १.७ पटच लागतात. रस्ता, पंप, केबल वाटून वापरता येतात. माणसांच्या गाठीभेटी मात्र माणसांपेक्षा वेगाने वाढतात, आणि त्यातून कमाईबरोबर गुन्हे आणि रोगांच्या साथीही. हे विसरू नका.

हद्दवाला: तुमची खरी अडचण हद्दीची आहे. उत्पन्न अख्ख्या पुणे जिल्ह्याचं (९४ लाख लोक) आणि लोकसंख्या एका महापालिकेची, हे जुळणारच नाही. महापालिका धरली तर पिंपरी-चिंचवडचे १७ लाख आणि तिथले कारखाने बाहेर राहतात. नागरी समूह, म्हणजे शहर आणि त्याला लागून वाढलेला शहरी भाग, धरा: पुणे ५०.६ लाख, नागपूर २५ लाख. सुविधा मोजायच्या असतील तर पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिकांच्या पर्यावरण स्थिती अहवालांतली रस्त्यांची लांबी बेरजेत घ्या, आणि लोकसंख्याही त्या दोघींचीच.

घातांक: आता एक्सेल. एका रकान्यात लोकसंख्या, दुसऱ्यात एकूण आकडा. दरडोई टाकलात तर १.१५ऐवजी ०.१५ येईल. दोन्हींचे लॉग (लॉगॅरिदम) घ्या, मग स्लोप (SLOPE) हे सूत्र; ते रेषेचा चढ देतं, तोच घातांक. त्यात आधी उत्पन्नाच्या लॉगचा रकाना, मग लोकसंख्येच्या. उलट दिलंत तर उत्तर चुकतं आणि एक्सेल काही सांगत नाही. शून्य असलेल्या ओळी आधी बघा, लॉग निघत नाही.

शहरवेध: पुणे-नागपूर ही जोडी जवळजवळ दुप्पट आहे. तेवढी पुरेल?

हद्दवाला: नाही. दोन बिंदूंतून रेषा जातेच, चूक दिसतच नाही. निदान २५-३० शहरं घ्या. राज्यात कमी पडली तर देशभरातली. आणि हा घातांक एकाच वर्षी वेगवेगळ्या शहरांची तुलना करतो. नागपूर पुढे दुप्पट झालं तर काय होईल, हे त्यावरून काढू नका.