टमी टक (पोटाची जादा कातडी काढून स्नायू आवळायची शस्त्रक्रिया) आणि बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन एकत्र केलेलं कोणी आहे का?

वय ३८, दोन सिझेरियन, धाकटा अडीच वर्षांचा. आणखी मूल नको आहे. शुगर, बीपी नाही, वजन वर्षभर स्थिर. पोटाचे मधले स्नायू फाकलेत आणि बेंबीत छोटा हर्निया आहे (सोनोग्राफी झाली). आठ महिने फिजिओथेरपी केली. कंबरदुखी कमी झाली, फुगवटा तसाच. त्यामुळे कृपया व्यायाम सुचवू नका!

प्लास्टिक सर्जन म्हणाले, पूर्ण भूल देऊन सिझेरियनच्या व्रणातूनच दोन्ही कमरांपर्यंत छेद घ्यायचा, कातडी बरगड्यांपर्यंत सोडवायची, स्नायू टाक्यांनी जवळ आणायचे, जादा कातडी कापून बेंबीसाठी नवं छिद्र पाडायचं. बेंबी मूळ देठावरच (आत पोटाच्या भिंतीला जोडलेल्या भागावरच) राहते. इथेच माझी गाडी अडलीये. कातडी सोडवल्यावर बेंबीचा रक्तपुरवठा त्या देठातूनच होतो, आणि हर्नियाही तिथेच दुरुस्त करायचा! त्यामुळे बेंबीचा रक्तपुरवठा तुटायचा धोका आहे हे त्यांनी सांगितलं, निर्णय माझ्यावर सोडला.

दोन्ही एकदम केलेल्यांनी सांगा: हर्नियाला जाळी बसवली की नुसते टाके? बेंबी नीट भरली का? ड्रेन (साचलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) किती दिवस होते? आणि मुलाला कडेवर कधी घेता आलं?