प्रति: डीएफमध्ये जागा दिसते, म्हणजे व्हॉल्यूम ठीक?

वर म्हटलंय की 'डीएफ'मध्ये (मोकळी जागा दाखवणारी लिनक्स कमांड) ४० टक्के जागा मोकळी दिसते, म्हणजे व्हॉल्यूम (डेटा ठेवायचा स्टोरेजचा भाग) ठीक आहे. मला हे पटत नाही. डीएफ फक्त फाइल सिस्टिम किती भरली ते सांगतं. खालच्या डिस्कचं त्याला काहीच कळत नाही. मिररमधली, म्हणजे तोच डेटा ठेवणाऱ्या जोडीतली, एक डिस्क गेली तरी डीएफचे आकडे तसेच राहतात.

लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची सोय) असेल तर प्रॉक फोल्डरमधली 'एमडीस्टॅट' फाइल बघा. दोन डिस्कच्या मिररपुढे कंसात दोन 'यू' हवेत. एका 'यू'च्या जागी अधोरेषा दिसली, तर तुम्ही एकाच डिस्कवर चालला आहात. बिघडलेली डिस्क आजच बदला, उद्यावर टाकू नका! रेड सांभाळणारा हार्डवेअर कंट्रोलर असेल तर ही फाइल उपयोगाची नाही, कंट्रोलरचंच टूल लागेल.

एलव्हीएम (लिनक्सची व्हॉल्यूम सांभाळायची सोय) वापरून थिन पूल, म्हणजे लागेल तशी जागा देणारा साठा, केला असेल तर 'एलव्हीएस' कमांडमध्ये डेटाच्या टक्क्यांसोबत मेटाडेटाचेही (कुठला डेटा कुठे आहे याची नोंद) टक्के बघा. मेटाडेटा भरला की डेटाला जागा असूनही पूल अडकतो, आणि दुरुस्ती फार त्रासाची असते.

जागा असूनही 'जागा नाही' अशी एरर येत असेल तर आधी 'डीएफ'ला 'आय' पर्याय देऊन आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपलेत का ते पाहा. लहान लहान फाइल्सचा ढीग असलेल्या मेल सर्व्हरवर हे हमखास होतं.