शब्दचर्चा : 'तीन चोक बारा' म्हणजे तीन चार वेळा, की चार तीन वेळा?

प्रश्न : मुलगी सेमी इंग्रजीच्या दुसरीत आहे. शाळेत ती 'थ्री फोर्स आर ट्वेल्व्ह' म्हणते आणि संध्याकाळी आजीपाशी परवचा म्हणताना 'तीन चोक बारा' म्हणते. ३ × ४ चे चित्र काढायचे होते, तेव्हा तिने तीन ताटल्यांत चार-चार बोरे काढली. आजीच्या मते मात्र चार ताटल्यांत तीन-तीन बोरे हवी होती, कारण पाढा तिनाचा आहे. बोरे दोन्हीकडे बाराच, हे ठाऊक आहे. पण 'चोक' या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि 'गुणिले', 'वेळा' व 'पट' यांपैकी कोणता शब्द लहान मुलांपुढे आधी ठेवावा?

पहिले उत्तर : पाढ्याची रचना पाहिली तर आजींचे म्हणणे बरोबर आहे. तिनाच्या पाढ्यात 'तीन' हे पद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जागचे हलत नाही. एके, दुणे, त्रिक, चोक ही पदे ते कितीदा घ्यायचे एवढेच सांगतात, आणि प्रत्येक ओळीला उत्तर तिनाने पुढे सरकते. 'गुणिले' या शब्दाची साक्षही त्याच बाजूची आहे. 'बोलिले' या जुन्या रूपाच्या वळणाचे ते रूप असून 'तीन गुणिले चार' याचा अर्थ 'चाराने गुणलेले तीन' असा होतो. 'बारा भागिले तीन' म्हणताना जसे बारा भागले जातात आणि तीन भागतात, तसेच येथे तीन हा गुण्य आणि चार हा गुणक. गुण्य आणि गुणक ही नावे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) आहेत आणि आपल्या शालेय गणितात ती अजून टिकून आहेत. (संस्कृत गणितात गुणाकाराला 'हनन' आणि 'वध' असेही शब्द आहेत. दुसरीच्या वर्गापर्यंत ते पोहोचले नाहीत हे बरेच झाले, पण त्याच कुळातला 'घात' मात्र पुढे 'घातांक' होऊन मुलांना भेटतोच.)

मात्र व्युत्पत्तीकडे वळले की मुलीच्या ताटल्याही चूक ठरवता येत नाहीत. 'दुणे' हे 'द्विगुण'पासून आले. 'गुण' म्हणजे दोरीचा पदर, म्हणून द्विगुण ते दुपदरी. 'बे दुणे' म्हणजे दुप्पट केलेले दोन. पुढच्या ओळीत वळण बदलते. त्रिक, चतुष्क, षट्क ही समूहाची नावे आहेत. चतुष्काचे 'चोक' झाले, षट्काचे 'सक' झाले, आणि रस्त्यावरचा 'चौक' हाही त्याच चतुष्काचा वंशज आहे. तेव्हा 'तीन चोक' याचा शब्दशः अर्थ तीन चौकड्या असा निघतो, आणि मुलीने तीन ताटल्यांत नेमक्या त्याच मांडल्या आहेत. एकाच पाढ्यात दुसरी ओळ एका रीतीने आणि तिसरी-चौथी दुसऱ्या रीतीने बोलते, आणि इतकी वर्षे हे कोणाला खटकले नाही, कारण पाढा अर्थ लावण्यासाठी नव्हे, तर उत्तर जिभेवर येण्यासाठी घोकला जात असे.

दुसरे उत्तर : वरील विवेचन मान्य आहे, शिकवण्यापुरते बोलायचे तर माझे मत स्पष्टपणे 'वेळा' या शब्दाच्या बाजूने आहे. 'तीन, चार वेळा' हे वाक्य मुलाला हाताने करून पाहता येते : मुठीतून तीन चिंचोके ठेवले, पुन्हा तीन, पुन्हा तीन, पुन्हा तीन. 'गुणिले' हे त्या कृतीचे लेखी नाव आहे, आणि कृती अंगवळणी पडण्याआधी ते दिले तर मूल चिन्ह वाचायला शिकते, गुणाकार नव्हे. शून्याची अडचणही 'वेळा'मुळे सुटते. पाढा एकेपासून सुरू होत असल्यामुळे 'पाच गुणिले शून्य' याला त्यात जागाच नाही, आणि पुष्कळ मुले त्याचे उत्तर पाच देतात. पण 'पाच चिंचोके शून्य वेळा ठेव' असे सांगितले की मूल हात न हलवता उत्तर देते.

ताटल्यांचा वादही चिंचोक्यांनीच मिटवावा. पाटीवर तीन आडव्या ओळी मांडाव्यात, प्रत्येक ओळीत चार चिंचोके. मुलीने ओळी मोजल्या तर तीन चौकड्या दिसतात. आजींनी उभ्या रांगा मोजल्या तर चार त्रिके दिसतात. पाटी अलगद काटकोनात वळवली की दोघींच्या जागा बदलतात आणि एकही चिंचोका हलत नाही. ही गोष्ट डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला 'सात त्रिक' अडले तर ते आपण होऊन 'तीन साते'कडे जाते, आणि पाठांतराचे ओझे निम्म्याच्या जवळपास येते.

'पट' हा शब्द मी मुद्दाम उशिरा आणतो, कारण त्यात ठेवण्याची कृती नसून दोन गोष्टींची तुलना आहे : दादाचे वय माझ्या वयाच्या तिप्पट. शिवाय मोठ्यांचाही त्यात गोंधळ उडतो. 'किंमत तिप्पट झाली' म्हणजे चाराचे बारा झाले, यात शंका नाही. 'किंमत तीन पटींनी वाढली' म्हटले की कोणी बारा समजतो आणि काटेकोर वाचक चारात बारा मिळवून सोळा करतो. लहान मुलांच्या उदाहरणांत 'पटींनी वाढणे' हा प्रयोग टाळावा.

पुरवणी प्रश्न : मग 'एके, दुणे, त्रिक' ही अवघड रूपे सोडून 'तीन गुणिले चार बरोबर बारा' असेच पाठ करून घेतले तर?

दुसऱ्या उत्तरदात्याचे उत्तर : तसे करू नये. 'तीन चोक बारा' तीन शब्दांत संपते आणि त्याला ठेका आहे. पर्यायी वाक्य जवळजवळ दुप्पट लांब असून प्रत्येक ओळीत 'गुणिले' आणि 'बरोबर' हे न बदलणारे शब्द जागा अडवतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'साठी 'वीस सात' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा मोठा वाद झाला. संख्या लिहायला शिकताना त्या रीतीचा उपयोग आहे असे मला वाटते, पण 'तीन नवे वीस सात' असा पाढा म्हणून पाहावा. ठेका तेथेच मोडतो.

पाढ्यांतली रूपे जातात ती बहुधा व्यवहार बदलल्यामुळे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी हे अपूर्णांकांचे पाढे रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे पावशेर होते तोवर दुकानात रोज लागत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आला, आणि औटकी पाठ करण्याचे कारण उरले नाही. 'औट' आता 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारापुरता उरला आहे. निमकी आणि पावकी मात्र दुसरी-तिसरीत आजही शिकवण्यासारख्या आहेत. सात निमे साडेतीन हे सात अर्ध्या भाकऱ्या समोर ठेवून मुलाला सहज पटते, आणि पुढे अपूर्णांकांचा गुणाकार शिकताना गुणल्यावर उत्तर लहान कसे झाले, या प्रश्नाशी त्याची ओळख आधीच झालेली असते.